टाकीवर एक, पोटात भलतंच

या खेपेला टपालात गंमत झाली. निवडून काढलेली सहाच्या सहा पत्रं जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींची, आणि बहुतेकांचा सूर एकच, की काका गाडी घेतलीय, गॅरेजात उभी आहे, आता सांगा ही नक्की कोण? म्हणजे आधी लग्न आणि मग पत्रिका बघायची. असो, मीही आयुष्यभर तेच केलंय त्यामुळे मला हसायचा हक्क नाही.

उत्तरांच्या आधी एक बारीकसं. इथे ब्रिटनमध्ये जाणकार मंडळी ‘व्हिंटेज’ शब्द जपून वापरतात. १९१५ च्या आधीची ती व्हेटरन, १९१५ ते १९३० ची ती व्हिंटेज, आणि तुमच्या पत्रांतल्या सगळ्या गाड्या त्यानंतरच्या, म्हणजे काटेकोर बोलायचं तर एकही व्हिंटेज नाही. पण सगळ्यांनी व्हिंटेजच लिहिलंय, तर मीही तेच म्हणतो, कोण वाद घालत बसणार.

प्रश्न : नमस्कार काका. मी मिडलँड्समध्ये राहतो. गेल्या उन्हाळ्यात एका माणसाकडून बीएसए घेतली. त्याने बीएसएचं नावाजलेलं रेसिंग मॉडेल, म्हणजे ‘गोल्ड स्टार, १९५१’ म्हणून दिली, टाकीवर ताऱ्याचा बिल्लाही आहे. घरी आणून धुतली तर इंजिनवर झेडबी ३३ ने सुरू होणारा नंबर, आणि फ्रेमवर झेडबी ३१ एस ने सुरू होणारा. पुढचे आकडे तर कुठेच जुळत नाहीत. मित्र म्हणतो दोन गाड्या कापून एक केलीय, तुला टोपी घातली. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. खरंच टोपी घातली का?

उत्तर : घातलीय, पण मित्र म्हणतोय तिथे नाही.

आधी नंबरांचा गोळा विरघळवून टाकू. बीएसएच्या त्या काळातल्या गाड्यांचे इंजिन आणि फ्रेमचे नंबर कधी जुळतच नव्हते. बीएसएच्या स्मॉल हीथच्या कारखान्यात इंजिनांची मोजणी वेगळी, फ्रेमची वेगळी, आणि कुठलं इंजिन कुठल्या फ्रेममध्ये बसलं ते गाडी बाहेर पडताना वहीत लिहायचे, बस्स. प्रत्येक घराण्याची रीत निराळी असते. ट्रायम्फमध्ये पन्नाशीच्या दशकापासून दोन्हीकडे एकच नंबर लागतो, व्हिन्सेंटच्या व्ही-ट्विनमध्ये इंजिनच्या नंबरात १९०० मिळवले की फ्रेमचा नंबर यायला पाहिजे, आणि बीएसएत काहीच जुळत नाही. त्यामुळे ट्रायम्फवाल्या मित्राला बीएसए दाखवली की तो घाबरवणारच, त्याची चूक नाही. उलट त्या काळातल्या बीएसएचे दोन्ही नंबर अगदी तंतोतंत जुळले तर मी घाबरेन.

आता ३१ आणि ३३ चं. बी३१ म्हणजे ३५० सीसी, बी३३ म्हणजे ५००, आणि दोघींची फ्रेम एकच, म्हणून कारखान्याने ५०० च्या फ्रेमवरही ३१ च ठोकलं. शेवटचा एस म्हणजे स्प्रिंग, म्हणजे मागे प्लंजर. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे नळकांडे आहेत ना, ज्यात स्प्रिंग असते, तेच. ते असतील तर फ्रेम नंबराशी इमानदार आहे. आणि झेडबी ही अक्षरं १९४९ च्या सीझनपासून पुढची काही वर्षं चालली, त्यामुळे १९५१ हे साल पटण्यासारखं आहे. थोडक्यात तुमच्या दारात एक बरीचशी सरळमार्गी दिसणारी बी३३ उभी आहे.

पण गोल्ड स्टार नाही हो. त्या वेळची ५०० गोल्ड स्टार असती तर इंजिनवर झेडबी ३४ जीएस असं काहीतरी दिसलं असतं. तुम्हाला नंबरावर भरवसा नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन या आणि इंजिनच्या ब्लॉकला लावा, आणि मग वरच्या हेडला. चिकटलं तर बीड आहे. बी३३ चा ब्लॉकही बिडाचा आणि हेडही बिडाचं, गोल्ड स्टारचं दोन्ही ॲल्युमिनियमचं. दुसरं, उजव्या बाजूने बघा, पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, ज्या नळीतून वर जातात ती नळी ब्लॉकपासून सुटी आहे का? बी३१-३३ ला सुटी नळी असते, गोल्ड स्टारच्या ब्लॉकमध्ये ती वाट ओतीव कामातच आलेली असते. हे बिल्ला लावण्याइतकं सोपं नाही, म्हणून फसवणारा इथपर्यंत जात नाही. बिल्ले काय, नवे कोरे मिळतात, चार स्क्रू मारले की झाली गोल्ड स्टार.

बिल्ल्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो कारण मला तो किस्सा फार आवडतो. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रेसमध्ये ताशी १०० मैलांच्या वर एक फेरी काढली की क्लबकडून कोटाला लावायचा सोन्याचा छोटा तारा मिळायचा. १९३७ च्या जूनमध्ये वॉल हँडली यांनी बीएसएच्या एम्पायर स्टारवर तो मिळवला, आणि कंपनीने पुढच्याच सीझनला गाडीचं नावच गोल्ड स्टार ठेवून दिलं. म्हणजे मूळचा बिल्ला कमावलेला होता. तुमच्या टाकीवरचा विकत आणलेला.

पुढे काय कराल ते सांगतो. इंजिनचा नंबर डाव्या बाजूला, ब्लॉकच्या अगदी खाली क्रँककेसवर आहे. तिथे ग्राइंडर, तारेचा ब्रश, कानस काहीही लावायचं नाही, हात जोडून सांगतो. रंग काढायचं लिक्विड आणि पितळेचा मऊ ब्रश, एवढंच. मग रात्री लाइट बंद करून टॉर्च आडवी धरा, अगदी पृष्ठभागाला टेकवून, म्हणजे आकड्यांच्या सावल्या पडतात आणि खाली आधीचा खोडलेला आकडा असेल तर भुतासारखा वर येतो. मग त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्यावर घासायचो तसं. फोटोपेक्षा हा कागद जास्त बोलतो.

आणि नंबर झाले की छोट्या पार्टांकडे वळा, खरी मजा तिथे आहे. तुमच्या गाडीला लुकास कंपनीचा मॅगडायनो असणार, म्हणजे ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि दिव्यांचा डायनॅमो एकत्र. त्याच्या अंगावर मॉडेलच्या नावाशेजारी बारीक आकडे ठोकलेले असतात, महिना आणि साल. म्हणजे समजा ४ ५१ असं दिसलं तर तो एप्रिल १९५१ चा. लुकासच्या डायनॅमोवर, बऱ्याच दिव्यांवर, हॉर्नवर असल्या तारखा मिळतात, रिमवरही कधी कधी. आता हे सगळे पार्ट गाडी जोडायच्या काही आठवडे किंवा महिने आधीचे असायला हवेत. सगळे १९५०-५१ म्हणत असतील तर छान, पंचांचा कौल लागला. एक जण १९५८ म्हणाला तर तेवढा पार्ट मधे कधीतरी बदललाय, त्यात पाप नाही, सत्तर वर्षांत माणसाचेही दात बदलतात. पण निम्मे एक म्हणतायत आणि निम्मे दुसरंच म्हणतायत असं झालं तर मात्र मित्राला परत बोलवा.

शेवटी बीएसए ओनर्स क्लबला किंवा व्हिंटेज मोटर सायकल क्लबला दोन्ही नंबर कळवा. कारखान्याच्या वह्यांवरून, ती नोंद शिल्लक असेल तर, गाडी कधी बाहेर पडली, कुठल्या इंजिनाबरोबर कुठली फ्रेम होती हे कळतं. ती जोडी तुमच्या गाडीशी जुळली की झालं. बी३३ वाईट गाडी नाही बरं का, ८५ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ८८ चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), धप धप करत दिवसभर चालते आणि गोल्ड स्टारसारखी ट्रॅफिकमध्ये रुसत नाही. तुमचं नुकसान फक्त पैशाचं झालंय, गाडीचं नाही. विकणाऱ्याशी बोला, ‘गोल्ड स्टार’ असं त्याने कुठे लिहून दिलं असेल तर तो कागद जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या गाडीच्या टाकीवर मॅचलेसचा पंखवाला एम आहे, आणि इंजिनवर ४९/१६एम आणि पुढे नंबर. म्हणजे ही १९४९ ची मॅचलेस, मॉडेल १६, बरोबर ना? पण पुस्तकात मॅचलेसचं १६ नावाचं मॉडेल सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही, कारण १६एम ही एजेएस आहे. एम म्हणजे मॅचलेस हा अंदाज कोणीही केला असता, मीही केला होता. मॅचलेसने एजेएस १९३१ मध्येच विकत घेतली आणि युद्धानंतर दोन्ही नावांच्या गाड्या लंडनच्या प्लमस्टेडमध्ये एकाच छताखाली बनायच्या, ३५० एजेएस म्हणून घेतली तर १६एम, मॅचलेस म्हणून घेतली तर जी३एल. जुळ्या बहिणी, टाकीचा रंग आणि बिल्ला वेगळा. साल मात्र तुमचं बरोबर, या लोकांनी नंबराच्या सुरुवातीलाच साल घालून आपल्यावर उपकार करून ठेवलेत.

खात्री हवी तर इंजिनच्या उजवीकडे उभे राहा आणि मॅग्नेटो कुठे आहे बघा. १९५१ पर्यंतच्या सिंगल सिलिंडर गाड्यांमध्ये एजेएसचा मॅग्नेटो ब्लॉकच्या पुढे असतो, मॅचलेसचा मागे. पुढे असेल तर इंजिन एजेएस, मग टाकीवर काहीही लिहिलेलं असू दे. १९५२ पासून एजेएसनेही मागे नेला, त्यामुळे ही युक्ती त्यानंतर चालत नाही.

अजून एक. तुमच्या नंबरात १६एम आहे, १६एमएस नाही. एस नसलेली म्हणजे मागे स्प्रिंग नसलेली, कडक फ्रेमची. तुमच्या गाडीला मागे शॉकअप असतील तर हे इंजिन दुसऱ्या कुठल्या तरी कडक फ्रेममधून आलंय, आणि मग फ्रेमचं वय शॉकअपवरून काढता येतं, १९४९-५० चे बारीक, त्यांना इथे लोक कँडलस्टिक म्हणतात, आणि १९५१ ते ५६ चे जाडजूड, त्यांना जॅमपॉट. एकदा बघितले की विसरत नाही, खरंच मुरंब्याच्या बरणीसारखे दिसतात. फक्त टाकी मॅचलेसची असेल तर काही बिघडत नाही, कोणीतरी पोचा आलेली टाकी बदलली असेल. मॅचलेसच्या टाकीखाली एजेएस चालवत राहा, गाडीला काही फरक पडत नाही.

प्रश्न : माझे सासरे इथे बसवर कामाला होते तेव्हा त्यांनी नवी ट्रायम्फ बॉनव्हिल घेतली होती. आता ती आमच्याकडे आहे. जुन्या लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात, पहिली नोंद डिसेंबर १९६९, नंबरप्लेटच्या शेवटी एच. पण इंजिनवर आणि फ्रेमवर टी१२० आणि नंबराच्या आधी पीडी आहे, आणि नवऱ्याला कोणीतरी सांगितलं की डी म्हणजे १९७०. मग सासऱ्यांनी घेतलेली हीच गाडी आहे का? त्यांना विचारता येत नाही आता.

उत्तर : ताई, हीच आहे. सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं. १९६९ च्या सीझनपासून ट्रायम्फ आणि बीएसएने नंबराआधी दोन अक्षरं घालायला सुरुवात केली, पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं मॉडेलच्या सीझनचं. पी म्हणजे नोव्हेंबर. डी म्हणजे १९७० चा सीझन. आणि कारखान्यांचा नवा सीझन ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू व्हायचा, जशी दिवाळी अंकांची घाई पावसाळ्यातच सुरू होते तसं. म्हणजे तुमची गाडी ट्रायम्फच्या मेरिडेनच्या कारखान्यात नोव्हेंबर १९६९ ला बनली, मॉडेल १९७० चं, आणि महिन्याभरात तुमच्या सासऱ्यांच्या नावावर लागली. नंबरप्लेटचं एच अक्षरही ऑगस्ट १९६९ ते जुलै १९७० चंच. तिन्ही कागद एकच गोष्ट सांगतायत, तुम्ही फक्त एकात महिना वाचलात आणि एकात सीझन.

इंजिनचा नंबर जिथे ठोकलाय त्या उंचवट्यावर जरा भिंग धरा. नंबराच्या मागे ट्रायम्फचे बारीक बारीक शिक्के दिसतील, नोटेवर मागे नक्षी असते तसे. कोणी नंबर घासून नवा ठोकला तर ती नक्षी जाते आणि परत आणता येत नाही. तुमच्याकडे दोन्हीकडे एकच नंबर आणि मागे नक्षी, तर मग प्रश्नच मिटला.

याच गोष्टीत मी एकदा चांगला आपटलोय म्हणून एवढं लांबवतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑटोजंबलमध्ये, म्हणजे जुन्या पार्टांच्या बाजारात, एक बॉनव्हिल घेतली, नंबर इतका सुरेख, सगळे आकडे एका ओळीत, एकाच खोलीचे, मला वाटलं वा काय जपलीय. घरी आल्यावर कळलं की उंचवटा आरशासारखा गुळगुळीत, नक्षीचा पत्ता नाही. कारखान्यात माणूस हाताने पंच ठोकायचा हो, आकडे थोडे नाचरेच असतात, एखादा खोल, एखादा तिरका. नाचरे आकडे बघून घाबरू नका, फार नीटनेटके असले तर आणि मागे नक्षी नसली तर घाबरा. आत टीआर६ चं इंजिन होतं, जे बॉनव्हिलचंच भावंड पण एका कार्बोरेटरचं, आणि वर नंतर कोणीतरी दोन कार्बोरेटरचं हेड बसवलेलं. चालायची झकास, पण मी पैसे बॉनव्हिलचे दिले होते ना.

सासऱ्यांच्या गाडीत अजून बघायचं तर पुढचा ब्रेक दोन लीडिंग शूचा ड्रम असेल, आणि कार्बोरेटर दोन, अमाल कंपनीचे कॉन्सेंट्रिक, अंगावर ९३०. रंग मात्र खरवडू नका. त्यांनी चालवताना बुटाने जिथे जिथे घासलाय ते तसंच राहू दे.

प्रश्न : एका ओळखीच्यांच्या गॅरेजच्या सफाईत एक खोकं मिळालं. त्यात अमालचा कार्बोरेटर (३७६ आणि पुढे तिरकी रेघ मारून अजून आकडा), लुकास के२एफ लिहिलेला एक डबा, आणि एक जड गिअरबॉक्स, त्यावर बी५२. शिवाय बरेच नट-बोल्ट, जे माझ्या कुठल्याच पान्ह्याला बसत नाहीत, १३ चा जात नाही आणि १४ चा सटकतो. हे कुठल्या गाडीचं असेल?

उत्तर : मला असली खोकी गाडीपेक्षा जास्त आवडतात, कोडं असतं आणि गंजलेलं.

के२एफ पासून सुरू करू. हा मॅग्नेटो आहे, नुसती ठिणगी देणारा, दिव्यांसाठी डायनॅमो वेगळा असायचा. मधला २ म्हणजे दोन सिलिंडर. तेव्हा गाडी ट्विन. आता ट्विनवर हा मॅग्नेटो ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, एजेएस, मॅचलेस सगळ्यांनीच वापरला, त्यामुळे एवढ्यावरून गाव कळतं, घर कळत नाही. अंगावर बाण कोरलेला असेल, कुठल्या दिशेने फिरायचा त्याचा, तो लिहून ठेवा, कारण उलट्या दिशेचा बसवला तर चालत नाही आणि विकताना पहिला प्रश्न तोच येतो. आणि महिना-साल बघायला विसरू नका.

कार्बोरेटर ३७६ म्हणजे अमालचा मोनोब्लॉक, ज्यात फ्लोटची वाटी त्याच अंगात ओतलेली असते. हा १९५५ मध्ये आला, त्याआधीच्यांना वाटी बाजूला लटकवलेली असायची. तिरक्या रेघेनंतरचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण ३७६ हा नुसता साइज आहे आणि पुढचा आकडा सांगतो की हा कुठल्या कंपनीच्या कुठल्या मॉडेलसाठी सेट करून पाठवला होता. तुम्ही तोच लिहिला नाहीत! पुढच्या पत्रात कळवा.

आता गिअरबॉक्स. बी५२ हा बर्मन कंपनीचा, १९५२ ते ५६ च्या एजेएस-मॅचलेसमध्ये असायचा, त्यानंतर त्यांनी स्वतःचा एएमसी (ही त्या दोन्ही नावांची मालक कंपनी) गिअरबॉक्स आणला. तर बघा, कार्बोरेटर १९५५ च्या आधीचा नाही आणि गिअरबॉक्स ५६ च्या नंतरचा नाही, मधे उरली दोन वर्षं. ट्विन, प्लमस्टेडची, १९५५-५६. म्हणजे बहुधा मॅचलेस जी९ किंवा एजेएस मॉडेल २०, ५०० सीसी. मला तरी तसं दिसतंय. अर्थात खोक्यातल्या तीन वस्तू एकाच गाडीतून निघाल्या असं कोणी शपथेवर सांगितलेलं नाही, एखाद्या हौशी माणसाने तीन बाजारांतून तीन वस्तू आणून टाकल्या असतील. म्हणून मॅग्नेटोवरचं साल हवंय. तेही ५५-५६ आलं तर मी पैज लावायला तयार आहे.

पान्ह्याचं दुखणं सगळ्यांचंच आहे. तुमचे पान्हे मेट्रिक, बोल्ट व्हिटवर्थच्या जमान्यातले. व्हिटवर्थच्या पान्ह्यावरचा आकडा हा पान्ह्याच्या जबड्याचा नसतोच, तो बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, त्यामुळे पाव इंच लिहिलेला पान्हा हातात घेतला तर त्याचा जबडा साधारण १३.३ मिलिमीटर भरतो. म्हणून १३ जात नाही आणि १४ सटकतो आणि बोल्टची डोकी गोल होतात. जबरदस्ती करू नका, व्हिटवर्थचा एक सेट घ्या, जन्माची सोय होते. आणि आटेही वेगळे. मोटरसायकलवर बहुतेक ठिकाणी सायकल थ्रेड असतो, बहुतेक वेळा इंचाला २६ आटे. आटे मोजायची पट्टी मिळते ती लावून बघा. साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश कंपन्या हळूहळू युनिफाइड आट्यांकडे गेल्या, पण तेही इंचातलेच, मेट्रिक नव्हेत. म्हणून एखाद्या गाडीवर मेट्रिक बोल्ट दिसला की समजायचं इथे कोणाचा तरी हात फिरलाय, आणि जिथे बोल्ट बदललाय तिथे आत अजून काय काय बदललं असेल ते उघडून बघायचं. गाडी घ्यायला जाताना मी नंबराच्या आधी नट-बोल्टच बघतो, नंबर ठोकणारे हुशार असतात पण बोल्टचा विचार कोणी करत नाही.

प्रश्न : बीएसए एम२० आहे, सैन्यातली असं म्हणतात. वर काळा रंग, त्याखाली थोडा हिरवा दिसतो. नंबर दोन्हीकडे डब्ल्यूएम२० पण पुढचे आकडे वेगळे. ओरिजिनल समजायची का? आणि रंगासाठी सँडब्लास्ट करून घेऊ का?

उत्तर : ब्लास्ट नको!! आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं कारण तुम्ही कदाचित उद्याच घेऊन जाल.

डब्ल्यू म्हणजे वॉर डिपार्टमेंटच्या काळातली. बीएसएने युद्धात सव्वा लाखाच्या आसपास एम२० दिल्या, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, चपट्या डोक्याचं इंजिन, पळत नाही पण मरतही नाही. नंबर न जुळण्याचं वर सांगितलंच आहे, आणि सैन्याच्या गाड्यांत तर वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास अदलाबदल व्हायची. दहा गाड्या खोलल्या, दहा जोडल्या, कोणाचं काय कोणाला गेलं ते ज्याचं त्याला माहीत. त्यामुळे सैन्याच्या गाडीत ‘कारखान्यातून निघाली तश्शी’ हा हट्ट धरू नका, सैन्यातून निघाली तशी असली तरी खूप झालं.

रंगाचं असं. टाकीच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर घेऊन हळूहळू गोल घासा. मधोमध जास्त, कडेला कमी. थोड्या वेळाने झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसायला लागतात, काळा, मग कोणीतरी हौसेने दिलेला लाल किंवा मरून, मग हिरवा किंवा खाकी, मग अस्तर. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक मालक. हिरव्या थरापाशी पोचलात की थांबा आणि आता त्या थराला धरून आडवे सरका, कारण टाकीवर पांढऱ्या रंगात सी या अक्षराने सुरू होणारा सैन्याचा नंबर असायचा. तो उतरवता आला तर गाडीला मिळालेला सगळ्यात मोठा ऐवज तोच. ब्लास्टिंगमध्ये हे सगळं तासाभरात हवेत जातं.

इंजिनचं हेड काढणं या गाडीत सोपं आहे, तर एकदा काढून स्ट्रोक मोजा. ९४ मिलिमीटर आला तर एम२०. ११२ आला तर आत एम२१ ची फ्लायव्हीलची चाकं आहेत, ५९१ सीसीची, बोअर दोघींचा सारखाच ८२. एम२१ साइडकार ओढायला वापरायचे, रस्त्यावर मदतीला येणाऱ्या एए च्या पिवळ्या गाड्या त्याच. असं इंजिन मी स्वतः बघितलंय, मालकाला तीस वर्षं पत्ता नव्हता, फक्त म्हणायचा की आमची गाडी चढावर जरा जास्त जोर करते.

प्रश्न : गाडीची ओळख पटली पण कागदच नाहीत. नंबरप्लेट जुनी आहे. ती परत मिळेल का, आणि एमओटी (गाडीची दरवर्षीची तपासणी) लागते का?

उत्तर : डीव्हीएलएने, म्हणजे इथल्या गाड्यांच्या नोंदणी खात्याने, जुन्या नोंदी संगणकावर घेतल्या तेव्हा, १९८३ पर्यंत, ज्यांनी कळवलं नाही त्यांचे नंबर सिस्टिमबाहेर राहिले. तुमचं तसं झालं असावं. तो नंबर आणि तुमची फ्रेम यांचा संबंध दाखवणारा त्या काळचा कागद असेल, जुनं लॉगबुक सगळ्यात उत्तम, तर व्ही७६५ नावाच्या योजनेत त्या मॉडेलच्या मान्यताप्राप्त क्लबमार्फत अर्ज करता येतो. म्हणून खोकी, सीटखालच्या फटी, विकणाऱ्याच्या घरची कपाटं सगळं पुन्हा शोधा. जुनी टॅक्स डिस्क, म्हणजे कर भरल्याचा गोल कागद, सापडली तरी टाकू नका.

कागद नाहीच मिळाला तर क्लबकडून गाडीच्या सालाचं पत्र घेऊन त्या काळाला शोभणारा दुसरा नंबर मिळतो, तो पुढे विकता मात्र येत नाही. आणि गाडी कशाकशाची मिळून बनलीय हेच कळत नसेल तर क्यू ने सुरू होणारी नंबरप्लेट. ती पडली की जुन्या गाडीवाले असा चेहरा करतात की विचारू नका.

४० वर्षं उलटलेल्या गाडीला मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी लागत नाही, टॅक्सही शून्य, पण हिस्टॉरिक वर्गात नाव घालायचा अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. आणि फ्रेमवर नंबर पुसट झालाय म्हणून स्वतः पंच घेऊन बसू नका. मागच्या वर्षी एका वाचकाने ठोकून घेतले, आकडे बरोबर, फक्त ९ चा पंच नव्हता म्हणून ६ उलटा मारला. कारखान्याच्या ९ ची शेपटी वेगळी असते, तपासायला आलेल्या क्लबच्या म्हाताऱ्याने ती लांबूनच ओळखली.